पासवर्ड : ॲडमिन१२३

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या सायबर क्राइम शाखेला यूट्यूबवर काही व्हिडिओ सापडले. दवाखान्यातली तपासणीची खोली, खाटेवर एक बाई, शेजारी नर्स, इंजेक्शनची तयारी. चित्रण कुणी लपूनछपून मोबाईलवर केलेलं नव्हतं. ते भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं होतं. व्हिडिओ अर्धवट होते आणि मुद्दामच अर्धवट ठेवलेले होते. खाली टेलिग्रामची लिंक होती. पुढचं पाहायचं तर तिथं जायचं आणि पैसे मोजायचे. भाव काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत.

दवाखाना निघाला राजकोटमधलं एक खासगी प्रसूतिगृह. विकणाऱ्यांचा माग काढत पोलीस प्रयागराजला पोचले आणि महाराष्ट्रात लातूर व सांगली जिल्ह्यांत. नंतरच्या महिन्यांत अटकेची यादी वाढत गेली. देशभरातली रुग्णालयं, शाळा, कचेऱ्या, चित्रपटगृहं, कारखाने, इतकंच काय लोकांच्या घरातल्या निजायच्या खोल्या, इथल्या कॅमेऱ्यांतूनही चित्रण उचललं गेल्याचं तपासात पुढं आलं. त्यात पुणे, मुंबई, नाशिक ही नावंही होती. आकडा ५० हजारांच्या घरात सांगितला गेला. कुठं तो क्लिपांचा म्हणून छापून आला, कुठं कॅमेऱ्यांचा. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता बोलण्यासारखी आहे. बातम्यांमध्ये आल्याप्रमाणे, प्रसूतिगृहाच्या त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’.

‘हॅकिंग’ म्हटलं की सिनेमातलं अंधारं खोपटं आणि हिरव्या अक्षरांचा पाऊस आठवतो. इथं तसलं काही लागलं नाही. पासवर्डच्या शक्यता एकामागोमाग एक आजमावून पाहणारं सॉफ्टवेअर पुरलं, आणि असल्या सॉफ्टवेअरच्या यादीत ‘ॲडमिन१२३’ पहिल्या पानावर असतो.

प्रसूतिगृहाच्या बाजूनं सांगण्यात आलं, की डॉक्टरांवर खोटे आरोप होऊ नयेत म्हणून कॅमेरे बसवले होते. कारण खोटं मानायला आधार नाही. दवाखान्यांतल्या मारामाऱ्या आणि तक्रारी पाहता ते पटण्यासारखंही आहे. पण या साऱ्या व्यवहारात कोण कोण आहे ते पाहावं. कॅमेरा बनवणारी कंपनी आहे, विकणारा दुकानदार आहे, बसवणारा टेक्निशियन आहे, पैसे देणारा मालक आहे. चौघांपैकी प्रत्येकाला काही ना काही ठरवता आलं असतं. खाटेवरच्या बाईला कुणी काही विचारलं नाही. कॅमेरा तिनं घेतला नव्हता, पासवर्ड तिनं ठेवला नव्हता, आणि बाजारात विकायला गेली ती तिचीच प्रतिमा.

असा पासवर्ड येतो कुठून? गाव कुठलंही असो, कॅमेरे बसवण्याचा दिवस साधारण सारखाच असतो. दहाला येतो म्हणून सांगितलेली दोन पोरं बाराला येतात. एकाकडं ड्रिल मशीन, दुसऱ्याकडं केबलचं भेंडोळं. भिंतींना भोकं पडतात, केबल खेचली जाते, टोकांना बीएनसी कनेक्टर आणि डीसी पिन बसतात, सगळ्या कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा भिंतीला ठोकला जातो. चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीच्या वरच्या फळीवर जातो. पडद्यावर चार चौकटी उजळल्या की मालकाचा ठरलेला प्रश्न येतो : मोबाईलवर दिसेल ना? ‘ऑनलाइन करून देतो की,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

खरी मेख या ‘ऑनलाइन करून देण्या’त आहे. टेक्निशियन डीव्हीआरच्या बुडाला चिकटवलेला क्यूआर कोड स्वतःच्या फोननं स्कॅन करतो. यंत्राची नोंद होते ती अनेकदा त्याच्याच खात्यावर. तिथून तो मालकाला ‘शेअर’ करतो. मालकाच्या फोनवर फाटक दिसतं, गल्ला दिसतो, मालक खूश. त्या यंत्राचा पहिला धनी मात्र दुसऱ्याच्या खिशात असतो, आणि पुढं कधी टेक्निशियननं धंदा बदलला, फोन विकला किंवा त्याचं मालकाशी वाजलं, तरी ती नोंद तशीच राहते.

आता पासवर्ड. बऱ्याच कंपन्यांनी गेल्या दशकात कारखान्यातून येणारा ठरावीक पासवर्ड बंद केला. यंत्र पहिल्यांदा चालू करतानाच नवा ठरवायला लागतो; तो ठरवल्याशिवाय यंत्र पुढं सरकतच नाही. हिकव्हिजनसारख्या मोठ्या कंपनीनं हा बदल २०१५ च्या सुमारासच केला. कागदावर प्रश्न मिटला. पण तो नवा पासवर्ड ठरवतो कोण? टेक्निशियन. त्याची शंभर-दोनशे गिऱ्हाइकं असतात, आणि ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून रात्री नऊला फोन येतात ते त्यालाच. मग तो सगळीकडं एकच ठेवतो. ‘ॲडमिन’ला १२३ जोडायचं, नाहीतर दुकानाच्या नावाला. त्याला बोल लावणं सोपं आहे. त्याला पैसे मिळतात ते कॅमेऱ्यामागं आणि केबलच्या मीटरवर. पासवर्ड नीट ठेवण्याचे कुणी देत नाही, आणि वार्षिक देखभालीच्या करारासाठी मालकाशी दरवर्षी घासाघीस करावी लागते ती वेगळीच. तरीही निष्पत्ती हीच, की गावातल्या निम्म्या दुकानांना एकाच किल्लीनं उघडणारी कुलुपं लागलेली असतात.

पूर्वीच्या कॅमेऱ्यांत ही भानगड नव्हती. बँकेच्या किंवा सराफाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याची तार मागच्या खोलीतल्या टीव्हीत आणि व्हीसीआरमध्ये जाऊन संपायची. चित्र पाहायचं तर त्या खोलीत जावं लागे, चोरायचं तर कॅसेट उचलावी लागे. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं थेट नेटवर्कला जोडता येईल असा कॅमेरा बाजारात आणला आणि चित्राला त्या खोलीबाहेरची वाट मिळाली. आजचा हजार-दीड हजारांचा वायफाय कॅमेरा हा भिंग बसवलेला छोटा संगणक आहे. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते, त्यात चुका निघतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. घरातल्या लॅपटॉपला आठवड्याआड अपडेट मागायची सवय आहे. जिन्यावरच्या कॅमेऱ्याचा अपडेट कधी कुणी केलाय?

बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा मुख्यतः दोन. जुनी वाट राउटरमधून : बाहेरून येणारी हाक थेट डीव्हीआरकडं पाठवायची, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. अशी खिडकी उघडली की ती मालकासाठी जितकी उघडी, तितकीच साऱ्या जगासाठी. नवी वाट क्यूआर कोडची. यात कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी बोलत राहतो आणि मालकाचा फोन त्या सर्व्हरमार्फत त्याला गाठतो. राउटरला हात लावायला नको, म्हणून टेक्निशियनला सोयीची. पण मग सगळा भरवसा त्या सर्व्हरवर आणि कॅमेऱ्याच्या ओळख-क्रमांकावर येऊन पडतो. ऑस्ट्रियातल्या एसईसी कन्सल्ट या संस्थेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या शिओंगमाई कंपनीची ही व्यवस्था तपासली. शंभरावर वेगवेगळ्या ब्रँडनावांखाली विकल्या जाणाऱ्या या यंत्रांचे क्रमांक अंदाजानं काढता येत होते. क्लाउडवर अशी सुमारे ९० लाख यंत्रं होती. मुख्य खात्याला मूळचा पासवर्डच नव्हता, रिकामी जागा. शिवाय ‘डिफॉल्ट’ नावाचं एक आडबाजूचं खातं होतं, आणि त्याचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीत ‘डिफॉल्ट’चीच अक्षरं उलटीकडून! शाळेतली पोरंसुद्धा वहीवर याहून बरी सांकेतिक भाषा लिहितात.

हे कॅमेरे शोधायला फार धडपड करावी लागत नाही. जॉन मॅथर्ली यांनी २००९ मध्ये शोडान नावाचं शोधयंत्र सुरू केलं. गुगल वेबपानं चाळतं, शोडान इंटरनेटला जोडलेली यंत्रं चाळतं : कुठल्या पत्त्यावर कुठलं दार उघडं आहे आणि आतून कुठलं यंत्र ओ देतंय. सुरक्षा तपासणाऱ्यांना ते उपयोगी आहे, आणि त्याच कारणानं इतरांनाही. २०१४ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं नागरिकांना जाहीर इशारा दिला, कारण रशियातून चालणाऱ्या एका संकेतस्थळावर जगभरातल्या हजारो कॅमेऱ्यांची थेट दृश्यं देशवार मांडून ठेवली होती. दुकानं, जिम, पाळणाघरं. सगळ्यांचे पासवर्ड कारखान्यातून आलेले, कुणीच न बदललेले. दहा वर्षांनी चित्र पालटलं असावं अशी कुणाची आशा असेल, तर जून २०२५ मधला बिटसाइट या कंपनीचा अहवाल आहे : पासवर्डशिवाय थेट दिसणारे सुमारे ४० हजार कॅमेरे त्यांना सापडले, त्यातले १४ हजारांच्या आसपास एकट्या अमेरिकेत.

अमेरिकेचंच एक जुनं प्रकरण इथं पाहण्यासारखं आहे, कारण तिथं पासवर्ड बदलूनही उपयोग झाला नसता. कॅलिफोर्नियातली ट्रेंडनेट कंपनी घरातल्या बाळावर लक्ष ठेवण्यासाठी कॅमेरे विकायची. जाहिरातीत ‘सुरक्षित’ हा शब्द ठळक होता. जानेवारी २०१२ मध्ये एकानं दाखवून दिलं, की कॅमेऱ्याच्या पत्त्यापुढं एक विशिष्ट शेपूट जोडलं की लॉगिनचं पान न येता थेट चित्रच दिसतं. जवळपास ७०० कॅमेऱ्यांच्या लिंक इंटरनेटवर फिरल्या. पाळण्यात झोपलेली बाळं, खेळणारी मुलं, घरात वावरणारी माणसं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१३ मध्ये कंपनीवर कारवाई केली. घरगुती ‘स्मार्ट’ वस्तूंच्या बाबतीतली ही त्यांची पहिली. पुढची वीस वर्षं, दर दोन वर्षांनी बाहेरच्या तपासनिसाकडून सुरक्षेची तपासणी, अशी अट घातली.

ती खोड साधी म्हणावी असं प्रकरण २०१६ मध्ये घडलं. त्या वर्षी कॅमेऱ्यांतलं चित्र कुणाला नकोच होतं. हवे होते ते कॅमेरे, फौज म्हणून.

मिराई नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर यादृच्छिक पत्ते ठोठावत फिरे. टेलनेटचं, म्हणजे यंत्राला दुरून आज्ञा देण्याचं, जुनं दार उघडं दिसलं, की खिशातली यादी काढून एकेक जोडी घालून पाही. नावं-पासवर्डांच्या त्या यादीत साठेक जोड्या होत्या. ‘ॲडमिन’ आणि ‘ॲडमिन’. ‘रूट’ आणि सहा वेळा आठ. ‘रूट’ आणि एक ते सहा. ‘रूट’ आणि ‘पास’. मध्येच एखादी विचित्र दिसणारी जोडी, जी कुणा माणसाला सुचणारच नाही. ती शिओंगमाईच्या सुट्या भागांत कारखान्यातच कोरलेली होती. मालकानं ब्राउझर उघडून आपला पासवर्ड कितीही अवघड ठेवला, तरी टेलनेटचा हा आतला पासवर्ड त्याला दिसतही नव्हता, बदलताही येत नव्हता. साठ जोड्यांच्या बळावर लाखो यंत्रं या प्रोग्रॅमच्या हाती गेली. त्यात कॅमेरे आणि डीव्हीआर यांचा भरणा मोठा.

२० सप्टेंबर २०१६ ला या फौजेनं पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट एवढा मारा केला. महिनाअखेरीस कर्त्यांनी प्रोग्रॅमचा मूळ कोडच उघड करून टाकला, म्हणजे माग काढणाऱ्यांना हजार संशयित मिळावेत. २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अमेरिकेच्या बऱ्याच भागांत कित्येक तास कोलमडले. काही काळ संशय परकीय सरकारांवरही गेला. मिराईचे जनक निघाले विशीतले तीन अमेरिकन तरुण. सगळं सुरू झालं होतं ते माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांवरून चाललेल्या धंद्यातल्या चढाओढीत. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केला.

आपला कॅमेरा त्या फौजेत होता, हे बहुतेक मालकांना कधी कळलंच नाही. त्यांच्या पडद्यावर फाटक रोजच्यासारखंच दिसत होतं.

कुलूप चांगलं असेल, तर मग? टेक्सासमध्ये डॅलसच्या आसपास एडीटी या मोठ्या सुरक्षा कंपनीचा एक टेक्निशियन घरोघरी कॅमेरे बसवायचा. बसवताना गिऱ्हाइकाच्या खात्यात स्वतःचा ईमेल पत्ता गुपचूप जोडायचा. कुणी विचारलंच तर ‘चाचणीसाठी लागतो’ म्हणायचा. ज्या घरात देखणी बाई दिसे, ते घर तो ध्यानात ठेवी. साडेचार वर्षांच्या काळात त्यानं सुमारे दोनशे खाती ९,६०० हून जास्त वेळा उघडली. २०२१ मध्ये त्याला ५२ महिन्यांची कैद झाली. क्यूआर कोड स्वतःच्या फोननं स्कॅन करणाऱ्या आपल्याकडच्या पोराच्या मनात तसलं काही नसतं, हे खरं. पण तशी वेळ आलीच, तर त्याला ईमेल जोडायचीही तसदी घ्यावी लागणार नाही.

कंपन्यांच्या आतलं चित्रही फार वेगळं नव्हतं. ॲमेझॉननं २०१८ मध्ये विकत घेतलेल्या रिंग या कंपनीविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये मांडलेली तक्रार वाचली, तर चित्रं कुणी पाहावीत याला तिथं एके काळी धरबंधच नव्हता असं दिसतं. एका कर्मचाऱ्यानं २०१७ मध्ये कित्येक आठवडे बायकांच्या घरातले हजारो व्हिडिओ पाहिले. शयनगृह, न्हाणीघर अशी नावं ज्या कॅमेऱ्यांना दिली होती, नेमके तेच त्यानं निवडले. त्याला पकडलं ते कुठल्या यंत्रणेनं नव्हे, एका सहकाऱ्याच्या नजरेनं. प्रकरण ५८ लाख डॉलरना मिटलं. याच कंपनीच्या कॅमेऱ्यातून डिसेंबर २०१९ मध्ये मिसिसिपीतल्या आठ वर्षांच्या मुलीशी एक अनोळखी आवाज बोलू लागला, आपण सांताक्लॉज असल्याचं सांगत. कॅमेरा लावून जेमतेम चार दिवस झाले होते. दुसरीकडून फुटलेला आणि इथंही तोच वापरलेला पासवर्ड असला, की चोराला नवं काही फोडावं लागत नाही.

मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या कंपनीचं सर्वाधिकार असलेलं एक खातं हॅकरांच्या हाती लागलं आणि एका झटक्यात दीड लाख कॅमेरे उघडे पडले. टेस्लाचं आवार, रुग्णालयं, तुरुंग, शाळा. २०२४ मध्ये कंपनीनं साडेएकोणतीस लाख डॉलर भरले. तो दंड मुख्यतः लागला होता नको असलेल्या जाहिरातींचे ईमेल पाठवल्याबद्दल.

राजकोटशी सर्वांत जवळचं नातं सांगणारं प्रकरण मात्र दक्षिण कोरियातलं. ३० नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या पोलिसांनी चौघांना पकडल्याचं जाहीर केलं. घरं, दुकानं, एक स्त्रीरोग दवाखाना अशा ठिकाणचे मिळून १ लाख २० हजार कॅमेरे त्यांनी फोडल्याचा आरोप आहे. चौघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, ही त्यातली अधिक काळजीची बाब. एकट्या एका आरोपीनं ६३ हजार कॅमेऱ्यांतून ५४५ व्हिडिओ तयार करून विकले, असं पोलिसांचं म्हणणं. पद्धत तीच : सोपे, एकाच अक्षराची पुनरावृत्ती असलेले किंवा क्रमानं येणाऱ्या अक्षरांचे पासवर्ड. कोरियन पोलिसांनी एक काम आणखी केलं. ५८ ठिकाणच्या पीडितांशी संपर्क साधून त्यांना काय झालं ते कळवलं आणि पासवर्ड बदलायला सांगितलं.

युद्धातही हे कॅमेरे कामाला आले. २ जानेवारी २०२४ ला कीव्हवर क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर युक्रेनच्या सुरक्षा सेवेनं दोन कॅमेरे बंद केले. निवासी इमारतींवरचे, पार्किंगवर आणि परिसरावर लक्ष ठेवण्यासाठी रहिवाशांनीच बसवलेले. रशियनांनी त्यांचा कोन फिरवून हवाई संरक्षण कुठं आहे ते पाहिलं, असा या सेवेचा आरोप होता. युद्ध सुरू झाल्यापासून असे सुमारे १० हजार कॅमेरे बंद केल्याचंही तिनं सांगितलं.

भारतात या विषयाची चर्चा झाली ती प्रामुख्यानं याच अंगानं : शत्रूची नजर. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितलं, की सरकारी संस्थांत चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत आणि त्यांतली माहिती परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. पुढं ९ एप्रिल २०२४ ला केंद्रानं कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी सक्तीची करणारी अधिसूचना काढली. एकदा मुदतवाढ मिळून ती ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांना यंत्र, सॉफ्टवेअर, प्रसंगी मूळ कोडही सरकारी प्रयोगशाळेपुढं ठेवावा लागतो. हे व्हायलाच हवं होतं. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत २०२१ मध्ये सापडलेली एक गंभीर फट कंपनीनं बुजवली, तरी सुमारे वर्षभरानं जगात ८० हजारांवर कॅमेरे दुरुस्तीविना चालूच असल्याचं सायफर्मा या संस्थेनं दाखवलं होतं. तेव्हा मालाची तपासणी हवीच. पण राजकोटला बीजिंगहून कुणी आलं नव्हतं. कॅमेरा प्रयोगशाळेतून शंभर टक्के गुण घेऊन आला, तरी बसवताना त्याला ‘ॲडमिन१२३’ दिला तर प्रयोगशाळा काय करणार? शिवाय नियम नव्या मालाला आहे. एप्रिल २०२५ पूर्वी भिंतीवर चढलेले कॅमेरे तिथंच आहेत.

आणि त्यांची संख्या वाढवण्याची घाई सगळ्यांनाच आहे. महाराष्ट्रात त्या घाईमागं खरी वेदना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि शाळेचं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रणच मिळत नसल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं. २१ ऑगस्टच्या शासन निर्णयानं राज्यातल्या शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितलं; न बसवल्यास अनुदान आणि मान्यतेवर गदा. आईबाप म्हणून त्याला कुणी विरोध करणार नाही. मात्र महिन्याभरात हजारो शाळांत कॅमेरे लावायचे म्हणजे तालुक्याच्या गावातला तोच टेक्निशियन, तोच क्यूआर कोड, तोच पासवर्ड. कॅमेरा ‘लागला’ याची नोंद सरकारदरबारी होते. तो कुणाकुणाच्या फोनवर दिसतो याची वही ठेवायला हवी, हे मुख्याध्यापकांना तरी कोण सांगणार? पूर्वी चित्रण सापडलं नाही म्हणून मुलींवर अन्याय झाला. उद्या ते नको तिथं सापडलं, तर तोही त्यांच्यावरच होईल.

इतर देशांनी निदान पहिली पायरी कायद्यात घातली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सगळ्या नगांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन अशी यंत्रं विकता येत नाहीत. ब्रिटनमध्ये तर सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळणार, हेही विकतानाच सांगावं लागतं. आपल्याकडं बसवणाऱ्याला ना परवाना लागतो ना परीक्षा. वायरमनला लागते, चुकीची वायर जोडली तर माणूस मरतो, म्हणून.

मालकाला करता येण्याजोगं काम मात्र एका संध्याकाळचं आहे. डीव्हीआर कुणाच्या खात्यावर आहे ते टेक्निशियनला विचारायचं, त्याच्याकडून तो सोडवून घेऊन आपल्या नावावर करायचा, वापरकर्त्यांची यादी उघडून अनोळखी नावं पुसायची, लांब आणि दुसरीकडं कुठं न वापरलेला पासवर्ड ठेवायचा, दुहेरी पडताळणी चालू करायची, राउटरमधली खिडकी बंद करायची. सोसायटीचा सेक्रेटरी बदलला की पासवर्डही बदलावा. चाव्यांचा जुडगा हस्तांतरित होतो, हा होत नाही. मोबाईलवर पाहण्याची खरोखर गरज नसेल तर डीव्हीआरची इंटरनेटची केबलच काढून टाकावी, रेकॉर्डिंग तरीही होत राहतं. आणि तपासणीच्या खोलीत, कपडे बदलायच्या जागी, निजायच्या खोलीत कॅमेरा नसावा. पासवर्ड कितीही पक्का असला तरी नसावा.

ज्यांच्या हाती यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी कायदा काय देतो? चोरणाऱ्यासाठी कलमं आहेत : माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई, भारतीय न्याय संहितेचं ७७. राजकोटच्या प्रकरणात सायबर दहशतवादाचं कलमही लावलं गेलं. निष्काळजी मालकासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. घरगुती वापराला त्यातून सूट आहे, दवाखान्याला नाही. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणं बंधनकारक असेल.

दंडाची रक्कम मात्र भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्या बाईचं चित्रण विकलं गेलं, तिला त्यातलं काही मिळणार नाही. उलट नुकसानभरपाई मागण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात जे ४३-ए हे कलम आहे, तेही या नव्या कायद्याच्या मुख्य तरतुदींबरोबर वगळलं जाणार आहे. राहता राहिलं कळवणं. त्यासाठी दवाखान्याला आधी ठरवावं लागेल, की गेलेल्या चित्रणात कोण कोण होतं. साधारण डीव्हीआरची हार्डडिस्क पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात भरते आणि जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. त्यामुळं चोरी उघडकीस येईपर्यंत बहुधा त्या दिवसांची प्रत मालकाकडं उरलेलीच नसते. ती असते विकत घेणाऱ्यांकडं.